लीड स्क्रूच्या हिशोबातलं घर्षण कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात छोट्या मोटरने लीड स्क्रू (आटे पाडलेली लांब दांडी, ती फिरली की तिच्यावरचा नट सरकतो) फिरवून चालणारी उचल-फळी कशी बनवावी, यावर अर्धं पान मजकूर होता. चित्रं छान होती, जोडणीचा क्रमही नीट दिला होता. माझ्या नातीने तो वाचून तशीच फळी बनवायला घेतली. शेजारी एक रंगीत चौकट होती, तिच्यात ‘ही मोटर १२५ किलो उचलू शकते’ असं ठळक अक्षरात छापलं होतं. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे.

मी ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. आधी लेथ, मग फिटिंग, शेवटची काही वर्षं फोरमन. लीड स्क्रू हा माझ्या रोजच्या हाताखालचा भाग, लेथच्या अंगाशी आडवा पडलेला, तेलाने माखलेला. तेव्हा मी काही पुस्तकी पंडित म्हणून लिहीत नाही. मात्र आट्यांनी मला जितक्या वेळा खोटं पाडलंय, तितकं माणसांनी पाडलेलं नाही, म्हणून थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

नात हुशार आहे. छापलेल्या आकड्यावर तिने आंधळा विश्वास ठेवला नाही. म्हणाली, “आजोबा, १२५ लिहिलंय ना, मग आपण पाचवा हिस्साच धरू. २५ किलो.” पाचपट राखीव जोर ठेवणारी पोरगी म्हणजे मला कौतुकच वाटलं. फळीवर २५ किलोची वजनं ठेवली, मोटर सुरू केली. मोटर घरघरली, थरथरली, फळी जागची हलली नाही. स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर, हरली की असाच आवाज करते, पावलं चुकवते आणि जागच्या जागी कुरकुरत राहते. वजनं काढत काढत १२ किलोवर आलो तेव्हा फळी वर गेली. नातीने टाळ्या वाजवल्या आणि स्विच बंद केला. त्या क्षणी फळी सरसर खाली आली आणि खालच्या पट्टीवर आदळली. सुदैवाने बोटं बाजूला होती.

आता चौकटीतला हिशोब पाहू. मोटरचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, ४ किलो-सेंटीमीटर, आट्यांचा पिच २ मिलिमीटर, त्यावरून १२५ किलो. हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण मुळातली कल्पना चूक नाही. ४ किलो-सेंटीमीटर म्हणजे मोटरच्या दांड्याला १ सेंटीमीटर लांबीचा हात जोडला, तर त्याच्या टोकाशी ४ किलोचा रेटा. एका फेऱ्यात ते टोक ६२.८ मिलिमीटर फिरतं. तेवढ्यात नट २ मिलिमीटर सरकला, तर टोक नटाच्या ३१.४ पट चाललं. चाल जितक्या पटीने कमी, जोर तितक्या पटीने जास्त. ४ गुणिले ३१.४, झाले १२५ किलो आणि वर थोडं. आत घातलेलं काम आणि बाहेर आलेलं काम सारखं, इतकंच हे गणित. ज्यांना न्यूटन आवडतात त्यांनी टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्यावा, ६.२८ ने गुणावा आणि मीटरमधल्या लीडने भागावं. ४ किलो-सेंटीमीटर म्हणजे साधारण ०.३९ न्यूटन-मीटर, उत्तर येईल १२३० न्यूटनच्या आसपास. गोष्ट तीच.

पण यात पहिली चूक अशी की लेखाने पिच घेतला आणि घ्यायला हवी होती लीड. पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर. लीड म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट किती सरकतो ते. दांडीवर एकच आटा गुंडाळलेला असेल तर दोन्ही सारखे. पण लेखातल्या चित्रात आणि सामानाच्या यादीत जो ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू होता, त्यावर चार आटे शेजारी शेजारी चालतात, चार पदरी वेणीसारखे. पिच २, आटे चार, म्हणून लीड ८. हे ओळखायला कुठलंही उपकरण लागत नाही. दांडीच्या टोकाकडून पाहिलं तर आट्यांची चार तोंडं मोजता येतात. तेही जमलं नाही तर नटावर पेन्सिलीने खूण करावी, नट धरून स्क्रू एक फेरा फिरवावा आणि पट्टीने मोजावं. नातीकडून मी हेच करून घेतलं. पट्टीवर ८ दिसले तेव्हा ती पुरवणीचं पान घेऊन आली आणि एक वाक्य दाखवलं, जे माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्याच लेखात, दोन परिच्छेद वर, लिहिलं होतं की मोटर सेकंदाला ५ फेरे घेते तेव्हा फळी सेकंदाला ४ सेंटीमीटर चढते. ४० मिलिमीटरला ५ ने भागा. ८ येतात! म्हणजे वेग काढताना लीड ८ धरली आणि जोर काढताना २. एकाच स्क्रूला वेगासाठी एक माप आणि जोरासाठी दुसरं.

हे लेख छापण्याआधी पकडता आलं असतं, तेही आट्यांबद्दल काही माहीत नसताना. १२५ किलो सेकंदाला ४ सेंटीमीटर वेगाने उचलायला सुमारे ४९ वॅट लागतात. ती मोटर ४ किलो-सेंटीमीटर टॉर्कने सेकंदाला ५ फेरे घेते तेव्हा १२ वॅटच्या थोडं वर देते. उरलेले ३७ वॅट कुठून आले? जोर आणि वेग दोन्ही छापायचे असतील तर त्यांचा गुणाकार मोटरच्या वॅटशी एकदा ताडून पाहावा, एवढं सांगणं आहे.

लीड ८ घेतली की १२५ चे ३१ किलो होतात. नातीच्या २५ किलोला अजूनही हे पुरायला हवं होतं. पण पुरलं नाही, कारण दुसरी चूक. त्या चौकटीत घर्षण हा शब्दच नाही.

लीड स्क्रूमध्ये नट आट्यांवर घासत चालतो. तिथे गोळ्या नाहीत, चाकं नाहीत, धातूवर धातू सरकतो आणि मध्ये असेल तर तेलाचा पातळ थर. आटा उलगडून कागदावर सपाट केला तर तो एक चढ दिसेल. या स्क्रूचा मधला व्यास ७ मिलिमीटर, म्हणून त्या चढाचा पाया २२ मिलिमीटर. ८ लीडच्या स्क्रूवर २२ चाललं की ८ चढतो, उभा घाटच म्हणा. २ लीडच्या स्क्रूवर २२ चाललं की फक्त २ चढतो, लांबच लांब वळणांचा सोपा रस्ता. आता वजन १ सेंटीमीटर उचलायचं आहे असं धरा. उभ्या घाटाने नट २९ मिलिमीटर घासतो. सोप्या रस्त्याने ११० मिलिमीटर. वजन तेच, उंची तीच, पण घासणं जवळजवळ चौपट. घर्षण आपला हिस्सा या घासण्यावर घेतं.

पोलादी स्क्रू, पितळी नट आणि बेताचं तेल असेल तर घर्षणाचा गुणांक, म्हणजे दाबाच्या मानाने घर्षण किती ते, मी ०.१५ धरतो. या आट्यांच्या दोन बाजूंमधला कोन ३० अंश असतो, मेट्रिक ट्रॅपेझॉइडल म्हणतात तो. (जुन्या यंत्रांवर अ‍ॅक्मे आटे दिसतात, त्यांचा २९.) बाजू तिरक्या असल्याने नट आट्यात थोडा पाचरीसारखा दाबला जातो आणि घर्षण किंचित वाढतं. हे सगळं घालून ८ लीडच्या स्क्रूची कार्यक्षमता, म्हणजे घातलेल्या कामातला हाती येणारा हिस्सा, ६६ टक्के येते, २ लीडच्या स्क्रूची ३६ टक्के. म्हणजे नातीच्या फळीचे कागदावरचे ३१ किलो प्रत्यक्षात २१ होतात. २५ किलोला मोटर का कुरकुरली ते इथे कळलं.

मग कुणी म्हणेल, २ लीडचा खरा स्क्रू बसवा, १२५ मिळतील. मिळणार नाहीत. त्याचे ३६ टक्के, म्हणजे ४६ किलो. लीड चौथाई केली, पण जोर चौपट झाला नाही, जेमतेम सव्वादोन पट झाला. बाकीचं आटे खाऊन गेले. आणि बारीक लीडचा स्क्रू घर्षणाच्या बाबतीत फार हळवा असतो. चांगलं वंगण घालून गुणांक ०.१० वर आणला तर ४६ चे ५८ होतात. तेल सुकलं, धूळ बसली, ०.२० झाला, तर ३८. स्क्रू तोच, मोटर तीच, फक्त तेलाच्या डबीकडे दुर्लक्ष झालं आणि वीस किलोंचा फरक. टूलरूममध्ये आम्ही नव्या पोरांना गणिताआधी तेलाची डबी हातात द्यायचो, ते उगीच नव्हे.

तिसरी गोष्ट मोटरच्या टॉर्कची. स्टेपर मोटरच्या कागदावर लिहिलेला ४ किलो-सेंटीमीटर हा बहुतेक वेळा थांबलेल्या मोटरचा असतो. प्रवाह चालू आहे, मोटर उभी आहे आणि तिला बाहेरून जबरदस्तीने हलवायला इतका पीळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. चालत्या मोटरकडे तितका टॉर्क नसतो आणि फेरे वाढतील तसा तो घसरत जातो. २ लीडच्या स्क्रूचं हेच दुखणं आहे. फळीचा वेग तोच ठेवायचा तर मोटरला चौपट, म्हणजे सेकंदाला २० फेरे फिरावं लागतं आणि तिथे अशा मोटरचा टॉर्क बराच उतरलेला असतो. मोटरसोबत वेग आणि टॉर्कचा आलेख मिळत असेल तर त्यातला आकडा घ्यावा. नसेल तर मी छापील टॉर्कचा अर्धाच धरतो. तसा धरला तर नातीच्या फळीला १० किलो हा प्रामाणिक आकडा ठरतो. १२५ आणि १०. तिची पाचपट सावधगिरी बिचारी कुठे पुरणार होती!

आम्ही मोजूनही पाहिलं, कारण माझा माझ्याच गणितावर फारसा विश्वास नाही. फळी काढली, नटाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली माणसं वजन करतात तो काटा ठेवला. मोटर अगदी हळू चालवून नट खाली दाबला. ८ लीडच्या स्क्रूवर १६ ते १७ किलोला मोटर पावलं चुकवायला लागली. गणिताने २१ म्हटलं होतं. उरलेलं बेअरिंग, कपलिंग आणि माझ्या जोडणीतला किंचित वाकडेपणा यांनी घेतलं असावं. मला हा मेळ पुरेसा वाटला. लेख लिहिणाऱ्यांनी एवढा काटा ठेवला असता तर चौकट वेगळी झाली असती.

२ लीडचा स्क्रू बसवून तेच केलं तेव्हा वेगळाच धडा मिळाला. काटा ३० च्या पुढे जाताना नातीने ओरडून सांगितलं, “आजोबा, दांडी वाकतेय!” खरंच, मधोमध धनुष्यासारखा बाक आला होता. मी लगेच बंद केलं. अर्धा मीटर लांब दांडी, आट्यांच्या बुडाशी तिची जाडी फक्त ५.५ मिलिमीटर. दोन्ही टोकं घट्ट आवळलेली नसतील, नुसती टेकलेली असतील, तर अशी पोलादी दांडी सुमारे ३६ किलोच्या दाबाला बाजूला निसटते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलेलं सूत्र आहे, त्यात दांडी किती मजबूत पोलादाची आहे याने काही फरक पडत नाही. ती किती जाड आणि किती लांब, यावरच बेतलेलं. म्हणजे आट्यांचं गणित ४६ म्हणतं आणि दांडी ३६ लाच हात टेकते. उपाय सोपा आहे. भार घेणारं बेअरिंग वरच्या टोकाला बसवावं आणि दांडी खाली लोंबती ठेवावी. मग वजन दांडीला दाबत नाही, ताणतं, आणि ताणलेली दांडी बाक घेत नाही. दोरीने वजन ओढतात, ढकलत नाहीत, तसंच.

बेअरिंगचा विषय निघालाय तर माझी एक जुनी फजिती सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका सरकत्या टेबलाला मोटर जोडली होती. हिशोब आट्यांपर्यंत चोख केला आणि स्क्रूचा रेटा घ्यायला थ्रस्ट बेअरिंगऐवजी एक पितळी वॉशर घातला, कारण जागा कमी होती. टेबल रखडत रखडत थोडं हललं आणि थांबलं. फोरमनसाहेबांनी काही न बोलता वॉशरवर बोट ठेवलं. तो इतका तापला होता की त्यांनी झटकन मागे घेतलं. या फळीच्या मापात ते असं बसतं: २० किलोचा भार, मध्यापासून अर्ध्या सेंटीमीटरवर घासणारा वॉशर, गुणांक तोच ०.१५. नुसतं तिथेच दीड किलो-सेंटीमीटर टॉर्क संपतो, मोटरच्या ४ पैकी. आटे अजून फिरायचेच आहेत. आपल्या लेखातल्या चित्रात तर वॉशरही नाही. सगळा भार थेट मोटरच्या दांड्यावर टाकलाय. मोटरच्या आतली छोटी बेअरिंगं असा उभा भार वाहायला केलेली नसतात.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, फळी खाली येण्याचा. लेखात एक वाक्य आहे की स्क्रू असल्यामुळे वीज गेली तरी फळी जागेवर राहते. सरसकट हे खरं नाही. चढ सोपा असेल तर नट घर्षणावर टिकून राहतो, उभा असेल तर घसरतो. या दोन स्क्रूंचा हिशोब असा: २ लीडच्या चढाचं प्रमाण २२ ला २, म्हणजे ०.०९. ८ लीडचं २२ ला ८, म्हणजे ०.३६. घर्षण, आट्यांचा तिरकेपणा धरून, ०.१५ च्या किंचित वर. ०.०९ त्याहून कमी, म्हणून २ लीडचा स्क्रू धरून ठेवतो. ०.३६ कितीतरी जास्त, म्हणून ८ लीडचा स्क्रू वीज जाताच उलटा फिरतो. मोटर चालू असेपर्यंत तीच त्याला धरून ठेवते. ती बंद, की फळी खाली. जो स्क्रू स्वतःहून थांबतो त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असणार, हे गणितातच आहे. जोर वाया जातो म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तेच घर्षण रात्री वीज गेल्यावर वजन धरून ठेवतं. गाडीखाली लावायचा स्क्रू जॅक यामुळेच थांबतो. बॉल स्क्रूमध्ये नटाच्या आत गोळ्या फिरतात, कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि तिथे उभ्या भाराला ब्रेक लागतोच लागतो. थांबणाऱ्या स्क्रूवरही मी हादऱ्यात भरवसा ठेवत नाही. थरथर सुरू झाली की घर्षण ढिलं पडतं आणि नट कणाकणाने उतरतो, सकाळी येऊन पाहावं तर टेबल दोन बोटं खाली.

लेथला लीड स्क्रू जोडून एकसारखे आटे पाडण्याचं काम हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नावारूपाला आणलं. या दांडीच्या नावातच लीड आहे. निदान त्या नावाकडे पाहून तरी पिच आणि लीडमध्ये गल्लत व्हायला नको होती, असं माझ्यातला म्हातारा फोरमन कुरकुरतो. ते सोडून द्या.

नातीने तिची फळी पाडून पुन्हा बांधली आहे. वेग हवा म्हणून ८ लीडचाच स्क्रू ठेवलाय. वर कप्पी लावून फळीला मागून प्रतिभार दिला आहे, म्हणजे मोटरला फक्त फरकाचं वजन उचलावं लागतं. खाली जाड रबराची पट्टी आहे, आणि फळीखाली हात घालायचा नाही असा कागद तिने स्वतःच चिकटवलाय. ८ किलो उचलते, दिवसभर, न कुरकुरता.

आपल्याकडे मागणं इतकंच. दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नसावी. १२५ किलोची चौकट जेवढी होती तेवढ्याच आकाराची असावी, कारण मुलांनी ती कापून भिंतीवर लावलेली असणार. तिच्यात पिचऐवजी लीड असावी, कार्यक्षमता आणि चालत्या मोटरचा टॉर्क असावा, आणि ८ लीडचा स्क्रू वीज गेल्यावर फळी धरून ठेवत नाही हे वाक्य सगळ्यात वर, ठळक असावं. आकडे पुन्हा तपासून हवे असतील तर माझी वही आणि नातीचा वजनकाटा दोन्ही हजर आहेत.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन